'सिम्युलेशन'ला सोंग म्हणायचं की कांगावा?

तिरफळ:
वेंगुर्ल्याकडे आमच्या गावात मे महिन्यात चाकरमानी आले की समुद्रकाठच्या पुळणीत फुटबॉलची स्पर्धा होते, यंदा ठरलंय की दोन मोबाईल लावून ठेवायचे आणि वाद झाला तर पंचांनी रेकॉर्डिंग बघायचं. नियमांचा कागद मराठीत करायला माझ्याकडे आला आणि 'सिम्युलेशन'पाशी गाडं अडलं. धक्का लागलेला नसताना लागल्यासारखं पडायचं, त्याला पिवळं कार्ड. मी लिहिलं 'सोंग आणणे'. रत्नागिरीचा मेव्हणा म्हणतो सोंग ही काय शिवी आहे?

खाजण:
मेव्हण्याचं बरोबर आहे. आमच्याकडे नमनाच्या खेळात गणपतीचं सोंग येतं तेव्हा आम्ही पाया पडतो. बघणाऱ्यालाही ठाऊक असतं हे सोंग आहे, मग फसवणूक कुठे झाली? ढोंग लिहा.

भरती_ओहोटी:
ढोंग बुवा लोकांना ठेवा, हा कांगावा आहे. 2002च्या वर्ल्डकपला ब्राझील-तुर्कस्तान मॅचमध्ये ब्राझीलचा रिवाल्डो कॉर्नरपाशी उभा होता, तुर्कस्तानच्या उन्सालने मारलेला बॉल लागला पायाला आणि हा तोंड धरून आडवा. उन्साल मैदानाबाहेर! नंतर फिफाने रिवाल्डोला दंड केला पण उन्साल गेला तो गेलाच. लागलं पायाला आणि बोंब तोंडाची, याला दुसरा शब्दच नाही.

तिरफळ:
कांगाव्याला आवाज लागतो ना पण? आमच्याकडे गुपचूप पडणारे जास्त.

भरती_ओहोटी:
लागतोच. 'काय गाव गोळा केलास' त्यावरून कांगावा, असं आजी सांगायची.

आबोली:
ही व्युत्पत्ती आजीपुरतीच ठेवा :)

सुरंगी:
आमच्याकडे सोंगा म्हणजे वायटच. लहानपणी पडून रडलो की आवस म्हणायची, 'सोंगा करू नको, ऊठ मेल्या'. रत्नागिरीवाल्यांनी एक लक्षात घ्या, एकवचनी सोंग देवाचं आणि अनेकवचनी सोंगं माणसाची.

खाजण:
हे मात्र पटलं. पण मग मॅराडोनाने 1986ला इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला त्याला काय म्हणाल? पडला नाही, रडला नाही, उलट पळत जाऊन आनंद साजरा केला.

आबोली:
ती सरळ लबाडी. आज व्हीएआरने, म्हणजे व्हिडिओ बघणाऱ्या रेफरीने, पकडली असती. बाकी कागदात 'पंच' खटकतंय, पुळणीत कोण 'ओ पंच' म्हणून हाक मारतो? रेफरी लिहा. पंच म्हणजे पाच, पंचायतीतले.

भरती_ओहोटी:
मग मोजा की, मैदानातला एक, दोन लाइन्समन, चौथा रेफरी आणि टीव्हीच्या खोलीत बसलेला व्हीएआर. झाले पाच!

आबोली:
त्या खोलीतल्याचे मदतनीस विसरलात.

खाजण:
आणि तो खोलीतला प्रत्येक पडापडीत नाक खुपसत नाही. 2018ला व्हीएआर नियमात आला तो चार गोष्टींपुरता, गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या माणसाला कार्ड. म्हणजे नुसतं खोटं पडल्याचं पिवळं कार्ड त्याच्या कक्षेत नव्हतं, त्या पडण्यावर पेनल्टी दिली असेल तरच तो बोलणार. तुमचे मोबाईलवाले काय काय बघणार ते आधी ठरवा, शब्द नंतर.

सुरंगी:
पण कॅमेऱ्याचा धाक असतो हो. 2014ला उरुग्वेचा सुआरेझ इटलीच्या किएलिनीला चावला, रेफरीला दिसलं नाही, नंतर फिफाने चित्रफितीवरून नऊ आंतरराष्ट्रीय सामने आणि चार महिने बाहेर बसवला.

आबोली:
चित्रफीत?? फीत राहिली कुठे आता. व्हिडिओ म्हणा.

सुरंगी:
घंगाळात बुडणारी वाटी राहिली नाही तरी घटका भरतेच की.

तिरफळ:
अजून एक अडलंय. रिव्ह्यू पाहिजे म्हणून पोरं हवेत बोटांनी टीव्हीची चौकट काढत रेफरीच्या मागे लागतात, अति केलं तर त्यालाही पिवळं कार्ड असतं. 'गाऱ्हाणे घालणे' चालेल?

खाजण:
गाऱ्हाणं देवाला घालतात. रेफरीला घालायला लागलात तर नारळही ठेवावा लागेल.

भरती_ओहोटी:
आणि कोंबडा :)

तिरफळ:
सिम्युलेशनचं सांगा रे कोणीतरी, उद्या कागद छापायला जातोय. तूर्त 'मुद्दाम खोटे पडणे' लिहिलंय.

आबोली:
'खोटं पडणे' म्हणजे बोलणं खोटं ठरणं. तो मैदानात पडेल, मोबाईल बघितल्यावर खोटा पडेल, नक्की कुठल्या पडण्याला कार्ड?

खाजण:
म्हणून म्हणत होतो ढोंग लिहा.

सुरंगी:
सोंगा!

तिरफळ:
गेला कागद. 'पंच' तसंच ठेवलंय.