स्वातंत्र्याच्या प्रदर्शनात गुलामगिरीचे कागद का नाहीत?

नदीकाठ: मुलगी सातवीत आहे. तिच्या इथल्या अमेरिकेतल्या शाळेच्या लायब्ररीत अमेरिकन स्वातंत्र्याच्या दस्तऐवजांचं प्रदर्शन लागलंय. १७७६चा जाहीरनामा, राज्यघटना, नागरिकांचे हक्क सांगणारं १७९१चं बिल ऑफ राइट्स, लिंकनचा १८६३चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा. प्रती सुरेख आहेत. पण १७७६च्या जाहीरनाम्याच्या जेफरसनने लिहिलेल्या मसुद्यात गुलामांच्या व्यापाराबद्दल ब्रिटनच्या राजाला धारेवर धरणारा परिच्छेद होता, तो अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसने गाळला. तो मसुदा इथे नाही. फ्रेडरिक डग्लसचं ५ जुलै १८५२चं रॉचेस्टरचं भाषणही नाही. स्वतः गुलामीतून पळून आलेला हा माणूस विचारतो, तुमच्या चार जुलैचं, या स्वातंत्र्यदिनाचं, गुलामाला काय? त्याच्याशिवाय हे प्रदर्शन अर्धवट आहे.

ओहायोकर: मला नाही पटत. बारा वर्षांच्या मुलांना आधी मूळ मजकूर तर नीट वाचू द्या! आणि डग्लस शेवटपर्यंत वाचा. त्याच भाषणात तो राज्यघटनेला स्वातंत्र्याचा गौरवशाली दस्तऐवज म्हणतो. महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांची सुटका करणाऱ्या अमेरिकेतल्या सज्जनांनाच. पुण्यात बसून त्यांना दिसलेलं मोठेपण इथल्या मुलांना दाखवायला आपण का कचरतोय?

सावनी_क: फुल्यांनी गौरव केला तो गुलामी मोडणाऱ्यांचा. घटना लिहिणाऱ्यांनी ती टिकवली. राज्याच्या प्रतिनिधींची संख्या ठरवताना एक गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस धरायचा, हे घटनेच्या पहिल्याच कलमात आहे. मूळ मजकूरच वाचायचा ना? मग हेही वाचू द्या.

वाटसरू: पंजाबातून अमेरिकेत आलेल्या भगतसिंग थिंडच्या खटल्याचा निकालही लावा. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होता, तरी १९२३ साली सुप्रीम कोर्टाने ‘गोरा नाही’ म्हणून त्याला नागरिकत्व नाकारलं. पुढे कित्येक भारतीयांचं मिळालेलं नागरिकत्वही काढून घेतलं. आपल्या घरातल्या मुलांना यातलं काही ठाऊक नसतं, याचं मला फार वाईट वाटतं.

ओहायोकर: थिंड लावा, मान्य. पण भिंतभर कागद लावले की मुलं एकही वाचत नाहीत. १७७६चा कागद मधोमध हवा, बाकीचे त्याच्या आधाराने. पुढच्या प्रत्येक लढ्याने हक्क मागितला तो त्याच वाक्यांच्या जोरावर.

नदीकाठ: मधोमध असू दे, माझी हरकत नाही. पण लिंकनच्या कागदाखाली ‘सर्व गुलाम मुक्त’ अशी पाटी आहे, ती चूक आहे. तो जाहीरनामा यादवी युद्धात फुटून निघालेल्या बंडखोर राज्यांपुरता होता. बंडात नसलेल्या केंटकी राज्यातले कित्येक गुलाम १८६५च्या तेराव्या घटनादुरुस्तीपर्यंत गुलामच राहिले. लायब्ररियनना आजच लिहितेय. पाटी बदला, डग्लसचं एक पान लावा.

ओहायोकर: पाटीसाठी माझाही पाठिंबा कळवा. डग्लसचं मात्र एक पान नको. घटनेबद्दल बोलतो ते पानही शेजारी लावायला सांगा.