दगड गावाचे, सिमेंट कुणाचं? केनियातली लोकवर्गणी आणि बाहेरचा पैसा

लाल_माती:
नैरोबीत सहा वर्षं झाली, कामामुळे मचाकोस आणि किटुई भागात सारखं जाणं होतं. 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेने यूएसएडचा, म्हणजे तिच्या परदेशी मदत संस्थेचा, पैसा थांबवला तेव्हा घरच्या ग्रुपवर एकच सूर होता, "आता तिकडच्या लोकांचं कसं होणार". म्हणजे तिकडे लोक नुसते हात पसरून बसलेत हे आपण धरूनच चालतो. मला हे अजिबात मान्य नाही.

इथे कांबा लोकांत म्वेथ्या म्हणून प्रकार आहे, आपल्याकडचं इर्जिक म्हणा, सगळ्यांनी मिळून एकमेकांची कामं उरकायची. हेच गट वाळूचे बंधारे बांधतात. पावसाळी नदीच्या कोरड्या पात्रात, खाली खडक लागेल अशी जागा बघून आडवी भिंत घालायची, एक-दोन पावसाळ्यांत मागे वाळू साचते आणि त्या वाळूच्या पोटात पाणी राहतं, साठ्याच्या 40 टक्क्यांपर्यंत, शिवाय उन्हाने उडूनही जात नाही. मग बायका झिरा खणून पाणी भरतात. मी पाहिलेल्या गटात पहाटेपासून बायका डोक्यावरून दगड वाहत होत्या, जिला जमलं नाही तिच्या नावापुढे वहीत दंड, आणि तो दंड गटाच्याच पेटीत. ही देणगीच आहे की! फक्त पावती नाही म्हणून आपण तिला दान म्हणत नाही. माझं मत असं की खरी समाजसेवा हीच आणि बाहेरच्या पैशाने हिच्या मागून चालावं.

उंबरठा:
ताई, तळमळ कळते पण पटलं नाही. नैरोबीतल्या करेन भागात बंगल्यात राहणाऱ्याला नळाला पाणी यावं म्हणून दगड वाहावे लागतात का हो? मग किटुईच्या बाईनेच का वाहायचे? कर तीही भरते, साखरेवर भरते, मोबाईलच्या रिचार्जवर भरते. ज्याला तुम्ही लोकसहभाग म्हणताय ती सरकारला मिळालेली सूट आहे.

हरांबेचं काय झालं बघा. 1963 ला स्वातंत्र्य मिळालं तेव्हा जोमो केन्याटांनी हाक दिली, हरांबे, म्हणजे सगळ्यांनी मिळून ओढा, आजही तो शब्द देशाच्या बोधचिन्हावर आहे. लोकांनी वर्गणी काढून इतक्या माध्यमिक शाळा बांधल्या की 70 च्या दशकात त्या सरकारी शाळांपेक्षा जास्त झाल्या. पण चांगले शिक्षक, लॅब कुठे? सरकारी शाळांत. ज्यांनी विटा वाहिल्या त्यांच्या पोरांना अर्धे शिकलेले मास्तर. पुढे तर हरांबे म्हणजे पुढाऱ्यांनी स्टेजवर नोटा मोजून दाखवायचा कार्यक्रम झाला, 2003 च्या कायद्याने अधिकाऱ्यांना वर्गणी गोळा करायला बंधन घातलं आणि तरी जुलै 2024 मध्ये राष्ट्राध्यक्ष रुटोंना परत बंदी जाहीर करावी लागली.

आणि एचआयव्हीच्या गोळ्या? केनियात 13-14 लाख लोक एचआयव्हीसह जगतायत, 2003 पासून गोळ्यांचा मोठा भार अमेरिकेच्या पैशावर. तो पैसा भिशीतून उभा राहणारे?

दुपारचा_चहा:
भिशीला कमी लेखू नका प्लीज. तिकडे तिला चामा म्हणतात, माझी मावसबहीण मोम्बासाला असते ती सांगते की कामवालीपासून बँकेतल्या बाईपर्यंत प्रत्येकीचा एक तरी चामा असतो, कुणाचं मयत असो की कुणाचं ऑपरेशन, आधी चामा धावतो, बाकीचे नंतर. हरांबे शब्द तिकडे रेल्वे बांधायला गेलेल्या भारतीय मजुरांच्या "हर हर अंबे" वरून आला असंही सांगतात, पण तो मूळचा तिकडचाच असंही म्हणणं आहे.

पाटपाणी:
दोघांनीही पैसा कुठून आला यावरच भांडण लावलंय. केनियाच्याच वांगारी मथाईंची झाडं लावायची ग्रीन बेल्ट चळवळ 1977 पासूनची, 5 कोटींच्या वर झाडं, मथाईंना 2004 चं शांततेचं नोबेल. तिला सुरुवातीला नॉर्वेच्या वनसंस्थेचा आणि संयुक्त राष्ट्रांच्या महिला निधीचा पैसा होता. त्यातून बायकांना प्रत्येक जगलेल्या रोपामागे थोडे पैसे मिळायचे. लावलेल्या नव्हे, जगलेल्या! रोपं करायची, जगवायची, मोजायची सगळं बायकांकडे. म्हणून 1989 ला नैरोबीतल्या उहुरू पार्कमध्ये सरकार टॉवर बांधायला निघालं तेव्हा मथाई विरोधात उभ्या राहू शकल्या, आणि टॉवर झाला नाही.

उंबरठा, तुम्ही म्हणता वर्गणी म्हणजे सरकारला सूट. जून 2024 आठवा. करवाढीच्या विधेयकाविरुद्ध पोरं रस्त्यावर आली, गोळीबार झाला, आणि जखमींसाठी लोकांनी मोबाईलवरून काही दिवसांत 3 कोटी शिलिंगच्या आसपास जमवले. मोबाईलवरून पैसे पाठवायची एमपेसा सोय 2007 पासून हातात असल्यामुळे 50-100 शिलिंग देणारेही त्यात होते. ही वर्गणी तर सरकारला जाब विचारणाऱ्यांसाठीच होती.

उंबरठा:
जखमींच्या वर्गणीचं मान्य. पण ती आठवड्याची गोष्ट होती. एचआयव्हीच्या रोजच्या गोळीची वर्गणी आयुष्यभर कोण काढणार?

लाल_माती:
गोळ्यांचं तुमचं बरोबर आहे, माझ्याकडे उत्तर नाही. ते सरकारनेच करायला हवं, आणि करेनचा मुद्दा तर मला लागलाच.

पण सिमेंटचं सांगते. दगड, वाळू, कष्ट गावाचे, सिमेंट मात्र बहुतेक वेळा बाहेरचं. त्याच गटाच्या तिसऱ्या बंधाऱ्याला पैसे देणाऱ्या संस्थेला भिंत रस्त्याजवळ हवी होती, पाहुण्यांना दाखवायला सोपी. बायका म्हणत होत्या, तिथे खाली खडक नाही, पाणी झिरपून जाईल, वरच्या वळणावरच बांधायची. आधीच्या दोन वेळी त्या गप्प बसल्या होत्या. ह्या वेळी त्यांनी चामातून स्वतःची 30 पोती सिमेंट आणून ठेवली होती. भिंत वरच्या वळणावर झाली.

उंबरठा:
30 पोती आणताना कुणाच्या पोराची फी राहिली, विचारलंत का?

लाल_माती:
विचारलं. दोघींची मुलं ती टर्म घरी बसली. एकाची फी पुढच्या पाळीला चामानेच भरली. दुसरी मुलगी अजून गेलेली नाही.