‘टोकन’ला मराठीत काय म्हणायचं?

रंकाळाकाठी:
रविवारी कॉलेजातल्या भाच्याबरोबर साऊथ पार्क बघत बसलेलो. ते अमेरिकन कार्टून हो, १९९७ पासून चालूय, दिसायला बालवाडीतल्या कागदकामासारखं पण बारक्या पोरांना अजिबात दाखवू नये असलं. त्यात वर्गात एक काळा मुलगा आहे, त्याचं नावच टोकन आणि आडनाव ब्लॅक. भाचा म्हणाला मामा, टोकन म्हणजे दवाखान्यात नंबराचं देतात तसलं का? म्हटलं नाही रे, तिकडं सिरियलीत सगळे गोरे घ्यायचे आणि कुणी बोट ठेवू नये म्हणून एक काळा आणून बसवायचा, त्याला टोकन म्हणतात, आणि ह्या लोकांनी त्या पद्धतीचीच टर उडवायला पोराचं नाव तेच ठेवलं. एवढं समजावून सांगितलं पण एका शब्दात सांगता येईना. नावापुरता, नामधारी, तोंडदेखला, काय घ्यायचं?

टोकणयंत्र:
प्लॉट घेताना टोकन देतात त्याला आमच्यात इसार म्हणतात, ते तुमच्या कामाचं नाही. आणि टोकण म्हटलं की करवीरात भुईमूगच आठवणार, एकेक बी मातीत टोचत जायचं. न आणि ण चा फरक आहे म्हणा, गावात कोण बघालंय. पण तुमचा किस्सा म्हणजे अख्ख्या रानात एकच बी टोकायचं आणि सांगत फिरायचं पेरणी झाली 😀

आंबाबाईची_पेठ:
नामधारी नको. नामधारीला खुर्ची तरी असते, सही दुसऱ्याची चालते एवढंच. ह्या पोराला कसली खुर्ची. तोंडदेखलं हे वागण्याला लागतं, तोंडदेखली विचारपूस, तोंडदेखलं कौतुक. ‘तोंडदेखला मुलगा’ म्हणून बघा, कानाला खटकतंय. माझं मत ‘तोंडी लावायला’. ताटात मटण आणि दोन्ही रस्से असले की कांदा-लिंबू असतंय ना, तसा.

रंकाळाकाठी:
पण कांदा नसला तर आपण वाढप्याला हाक मारतो की! तोंडी लावण्याला चव असते, टोकन चवीसाठी घेतच नाहीत, बोलणी बसू नयेत म्हणून घेतात.

काकू_फुलेवाडी:
मग तीट म्हणा. गोऱ्यागोमट्या बाळाला नजर लागू नये म्हणून काजळाचा ठिपका लावतो ती.

आंबाबाईची_पेठ:
काकू, नाद खुळा! हेतू अगदी तोच, नजर लागू नये. फक्त एक अडचण, तीट काळी असते आणि मुद्दाम रूप बिघडवायला लावतात. काळ्या पोराला तीट म्हटलं तर ज्याच्यावर टीका करायचीय तेच आपल्या तोंडून निघतं. वाक्य ‘चॅनेलनं तीट लावलीय’ असं केलं तर चालेल, म्हणजे टोमणा चॅनेलला, पोराला नाही.

टोकणयंत्र:
आपल्याकडं हा शब्द नाही कारण भांडण एकावर कधी थांबलंच नाही असं मला वाटतंय. शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला हुकूम काढला त्यात रिकाम्या होणाऱ्या जागांतल्या ५० टक्के मागासलेल्या वर्गांना ठेवल्या. शंभरात पन्नास म्हटल्यावर तीट कुठली राहतीय. म्हणून आपल्याला राखीव, कोटा, बिंदुनामावली असले शब्द तोंडपाठ.

रंकाळाकाठी:
भाच्याला तीट पटली. पण त्यानं पुढचा भाग लावला आणि पंचाईत झाली. २०२२ मध्ये, पंचविसाव्या सीझनला, त्यांनी सांगून टाकलं की पोराचं नाव टोकन नव्हतंच, अंगठ्यांच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या टोल्किनवरून ठेवलेलं, तुम्हीच इतकी वर्षं टोकन ऐकत होता, आता लाजा! तिथं दोन्हीचा उच्चार एकसारखाच करतात म्हणून जमलं. देवनागरीत टोकन आणि टोल्किन लिहिलं की पहिल्याच ओळीत भांडं फुटतंय. ह्याला कुणी काही सुचवलं तर बघा, मी तर भाच्याला म्हटलं हे इंग्रजीतच हस.