शब्दचर्चा: सीमेवर भिंत की कुंपण, आणि येणारा घुसखोर की स्थलांतरित?

एक शंका आहे. बातम्यांमधे एकाच सीमेवर कुठे भिंत लिहितात, कुठे कुंपण, कुठे तटबंदी, आणि ती ओलांडून येणारा घुसखोर, निर्वासित, स्थलांतरित, जे सुचेल ते. मी भाषांतराचं काम करते. हे सगळे समानार्थी धरायचे का?

*

अजिबात नाही, आणि ते तसे वापरले जातात याचा मला खरंच त्रास होतो.

तट किल्ल्याला असतो, समोरून फौज चालून येणार हे धरूनच बांधलेला, बुरूज, जंग्या (मारा करायला भिंतीत ठेवलेली भोकं) सगळं त्यासाठी. कुंपण शेताला, गुरं शिरू नयेत म्हणून. भिंत त्या मानाने मोघम. आता अमेरिका-मेक्सिको सीमा घ्या, जवळपास ३,१४५ किमी, तिथे समोरून कुठलं सैन्य येत नाहीये, येतात ती बहुतेक कामाच्या शोधात नाहीतर जीव वाचवायला निघालेली माणसं, त्यामुळे तटबंदी लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यापुढे आपोआप शत्रू उभा राहतो. सरकारांना हे पक्कं ठाऊक असतं. बर्लिनची भिंत १९६१ मधे उभी राहिली ती स्वतःचीच माणसं पळून जाऊ नयेत म्हणून, पण पूर्व जर्मनीच्या सरकारी नावात शब्द होता 'वाल', म्हणजे तट, तोही फॅसिझमपासून संरक्षण करणारा. लोक म्हणायचे 'माउअर', म्हणजे नुसती भिंत. वेस्ट बँक या पॅलेस्टिनी भागात इस्रायलने उभारलेल्या अडथळ्याबद्दलही तेच, इस्रायल कुंपण म्हणतं, आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००४ च्या मतात भिंत म्हटलं आणि वर हेही नोंदवलं की बाकीचे शब्द काही जास्त अचूक नाहीत.

घुसखोर हा तर फार जड शब्द आहे. 'खोर' लागला की सवय आणि वाईट चाल दोन्ही चिकटतात, लाचखोर, भांडखोर, चुगलखोर. १९९९ मधे कारगिलच्या शिखरांवर येऊन बसलेल्यांना घुसखोर म्हटलं ते बरोबरच होतं, हत्यारं घेऊन आले होते. पण तोच शब्द पोरं कडेवर घेऊन आलेल्या बाईला लावला की सुरक्षेचा प्रश्न आणि स्थलांतराचा प्रश्न एकाच पोत्यात जातात. आणि जो रीतसर व्हिसा घेऊन विमानाने उतरला आणि मुदत संपल्यावर राहिला, तो घुसलाच कुठे? अमेरिकेत असे लोक खूप आहेत, त्यांना 'मुदत संपूनही राहिलेले' असंच लिहावं. भिंतीचा त्यांच्याशी काही संबंध येत नाही.

अजून एक गोष्ट, ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. भिंतीमुळे माणसाला लागू होणारा शब्दच बदलतो. मेक्सिकोतले कितीतरी मजूर हंगामाला जायचे आणि घरी परतायचे. १९९४ पासून अमेरिकेच्या सीमेवरच्या सॅन दिएगो शहराच्या बाजूला पहारा कडक झाला तशी वाट ॲरिझोनाच्या वाळवंटाकडे सरकली, उन्हाने आणि पाण्यावाचून माणसं मेली, दलालांचे दर वाढले, आणि जो एकदा कसाबसा पोचला तो परत जायला धजेना, मग बायकापोरांनाही तिकडेच बोलावून घेतलं. हंगामी मजूर होता तो कायमचा स्थलांतरित झाला. हंगेरीने २०१५ मधे सर्बियाच्या सीमेवर कुंपण घातलं तेव्हा तिथून पुढे जाणाऱ्या माणसांचा लोंढा क्रोएशियाकडून वळला. तेव्हा 'लोंढा थांबला' आणि 'लोंढा वळला' यातलं नेमकं काय झालं ते बघूनच क्रियापद निवडा.

*

पण मग काश्मिरातल्या नियंत्रण रेषेवरच्या कुंपणाचं काय? त्याने घुसखोरी कमी झालीच की.

*

झाली, ते मान्यच आहे. पण तिथे कुंपणामागे सैन्य आहे, दिवे, सेन्सर, रात्रंदिवस गस्त आहे, आणि येणारा हत्यारबंद आहे. नुसती तार कुणाला अडवत नाही, पहारा अडवतो, आणि पहारेकरी पैसे घेऊन सोडायला लागला तर कुंपणानेच शेत खाल्लं.

बांगलादेश सीमेवर मात्र एक चूक टाळा. तिथे कुंपण म्हणजे सीमा नव्हे. सीमा ४,०९६ किमी, पण शून्य रेषेपासून, म्हणजे प्रत्यक्ष सीमेपासून, १५० यार्डांच्या आत संरक्षणाचं बांधकाम करायचं नाही असं दोन्ही देशांमधे १९७५ चं ठरलेलं, म्हणून तार बऱ्याच ठिकाणी आतल्या बाजूला आहे आणि भारतीय शेतकऱ्यांची शेतं, काही ठिकाणी घरंसुद्धा, पलीकडे राहिलीत. ते फाटकावर ओळखपत्र दाखवून ठरलेल्या वेळी जातात येतात, फाटक बंद झालं की अडकले. म्हणून 'कुंपणापलीकडून आलेला' याचं भाषांतर परदेशी करू नका, तो इथलाच नागरिक असू शकतो.

निर्वासित आणि आश्रयार्थी राहिलं. छळाच्या भीतीने देश सोडलेला तो निर्वासित, संयुक्त राष्ट्रांच्या १९५१ च्या निर्वासितांविषयीच्या करारात ती व्याख्या आहे, आणि छळाच्या जागेहून थेट आलेल्याने लगेच अधिकाऱ्यांपुढे हजर होऊन कारण सांगितलं तर बिनकागदाचा आला म्हणून त्याला शिक्षा करू नये असंही त्यात म्हटलंय. ज्याच्या आश्रयाच्या अर्जाचा निकाल अजून लागायचाय तो आश्रयार्थी. शरणार्थी हिंदीत निर्वासितालाच म्हणतात, त्यामुळे हिंदीवरून करताना आधी अर्जाचं काय झालं ते बघा.