मदत हवी आहे: इंधन टाकीची पट्टी तुटली, पुराव्यासाठी काय लागेल?
नमस्कार. आमच्या चार वर्षांच्या डिझेल पिकअपची टाकी ज्या दोन लोखंडी पट्ट्यांनी चॅसीला (गाडीच्या सांगाड्याला) बांधलेली आहे, त्यांपैकी मागची पट्टी बोल्टाजवळच गंजून तुटली आणि टाकी इतकी खाली आली की गतिरोधकावर तिचा तळ घासू लागला. सेवा केंद्राने ‘वॉरंटी संपली’ एवढेच सांगून हात वर केले. मला मात्र काळजी पट्टीच्या किमतीची नाही, रोज ती गाडी चालवणाऱ्या भावाच्या जिवाची आहे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील उत्पादन दायित्वाच्या (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई देण्याच्या जबाबदारीच्या) तरतुदींखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे झाल्यास जपून ठेवलेली तुटकी पट्टी व छायाचित्रे पुरतील, की तज्ज्ञाचा अहवालही जोडावा लागेल? अनुभवी सदस्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.