‘कोआला’ की ‘कोआला अस्वल’?

प्रश्न : मुलांसाठी ऑस्ट्रेलियातल्या प्राण्यांवरची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. बऱ्याच ठिकाणी ‘कोआला अस्वल’ असं वाचलंय. तेच ठेवू का? आणि ‘मार्सुपिअल’ला काय म्हणावं?

उत्तर : ‘अस्वल’ नक्की काढा. ऑस्ट्रेलियाच्या रानात अस्वल नाहीच. गोऱ्या वसाहतवाल्यांना हा गुबगुबीत प्राणी अस्वलासारखा दिसला, म्हणून ते त्याला ‘नेटिव्ह बेअर’ म्हणू लागले. 1816 साली ठरलेल्या ‘फॅस्कोलार्क्टोस’ या शास्त्रीय नावातही ग्रीक ‘पिशवी’ आणि ‘अस्वल’ आहेत. ‘कोआला’ मात्र तिथल्याच मातीतला शब्द, सिडनी परिसरातल्या धरुग भाषेतल्या ‘गुला’वरून आलेला. वॉम्बॅट आणि डिंगो (तिथला रानटी कुत्रा) हे शब्दही त्याच भाषेतले. आज हयात असलेल्यांत कोआलाचा सगळ्यात जवळचा नातलग म्हणजे बिळं खणणारा हा वॉम्बॅट. कांगारू दोघांचाही लांबचा भाऊबंद. पुस्तिकेत हे नातं जरूर सांगा, मुलांना फार आवडेल.

‘मार्सुपिअल’ला ‘शिशुधान प्राणी’ असा शब्द मराठीत आहे, आणि त्यांच्या पोटावरची, पिल्लू वाढवायची पिशवी म्हणजे ‘शिशुधानी’.

दुसरं उत्तर : वरच्या मताशी सहमत, पण आठ-नऊ वर्षांच्या मुलाला ‘शिशुधान’ जड जाईल. आधी ‘पोटाला पिशवी असलेले प्राणी’ म्हणा, मग कंसात पारिभाषिक शब्द द्या. पिशवीचं काम कळलं की शब्द आपोआप लक्षात राहतो. कोआलाचं पिल्लू सुमारे 35 दिवसांत जन्मतं, तेव्हा जेमतेम 2 सेंटीमीटर असतं, आंधळं आणि बिनकेसांचं. ते स्वतः सरपटत पिशवीत शिरतं आणि सहा-सात महिने तिथेच वाढतं. पुढे पानं खायला लागण्याआधी ते आईची एक खास मऊ विष्ठा खातं. पानं पचवणारे सूक्ष्मजीव त्यातूनच त्याच्या पोटात जातात. हा भाग किळसवाणा वाटेल म्हणून गाळू नका, अशी विनंती.

तिसरं उत्तर : पानांचा विषय निघालाच आहे तर, ‘कोआला निलगिरीची पानं खातो’ या वाक्याला एक ओळ जोडावी लागेल. युकॅलिप्टस मूळचा ऑस्ट्रेलियाचा. इंग्रजांनी तो दक्षिणेतल्या निलगिरी डोंगरांत लावला आणि आपण झाडाला डोंगराचंच नाव दिलं. हे सांगितलं नाही तर झाड आपल्याकडून तिकडे गेलं असं मुलांना वाटेल. त्या पानांत विषारी द्रव्यं असतात, पोषण अगदी कमी. म्हणूनच हा प्राणी दिवसातले 18 ते 20 तास झोपतो. त्याला ‘आळशी’ म्हणू नका. मिळेल तेवढ्या ऊर्जेत तो जगतो आहे. ती झाडं तुटली की त्याला दुसरं अन्न नाही. क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्समध्ये 2022 पासून तो संकटग्रस्त ठरला आहे. पुस्तिकेत हे यायलाच हवं.

प्रश्नकर्ती : मनापासून आभार. आता एकच : अनेकवचन ‘कोआले’ होईल का?

उत्तर : नाही. ‘पांडा’सारखंच चालवा : एक कोआला, दोन कोआला. ‘कोआल्याला’ नको, ‘कोआलाला’ लिहा. मादीसाठी ‘कोआलाची मादी’.