रेकॉर्ड तडकली, तडकला की तडकलं?

खडेबाजार:
मंडळी, एका चिठ्ठीवर गाडी अडलीय. बेळगावात एका वाचनालयाच्या हॉलमध्ये जुन्या ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, ग्रामोफोन रेकॉर्ड मांडायच्यात. प्रत्येकीपुढे एक चिठ्ठी, वर कन्नड, खाली मराठी. कन्नड मजकूर तयार होऊन आलाय, मराठीचं काम माझ्या गळ्यात. एकीला काठापासून लेबलापर्यंत केसाएवढा तडा आहे. वाजते, पण दर फेऱ्याला टक्क करते. कन्नडमध्ये 'ध्वनिमुद्रिके' आहे. मी खाली लिहिलं, 'हे रेकॉर्ड तडकलं आहे, हात लावू नये.' पुण्याहून आलेले एक पाहुणे वाचून म्हणाले, 'हे' कसलं? 'ही रेकॉर्ड तडकली आहे' असं हवं. आमच्या घरी तर 'रेकॉर्ड लावलं', 'रेकॉर्ड फुटलं' असंच ऐकत आलोय. छापायला द्यायचंय. काय लिहू?

पुणेरी७८:
पाहुणे बरोबर आहेत. मोडतो तो रेकॉर्ड, म्हणजे विक्रम. कचेरीत असतं ते रेकॉर्ड, म्हणजे दप्तर. आणि वाजते ती रेकॉर्ड. भाषेने तीन अर्थांना तीन लिंगं वाटून दिलीत, इतकी सोय असताना घोळ कशाला? तुमची चिठ्ठी वाचून एखाद्याला वाटायचं, तलाठ्याचा सातबारा तडकला. (गंमत म्हणजे तुम्ही स्वतःच वर 'एकीला तडा आहे' लिहिलंय!)

निपाणीकर:
तलाठ्याचं रेकॉर्ड तडकत नाही हो, गहाळ होतं.
आमच्या आजोबांच्या तोंडी रेकॉर्ड हा शब्दच नव्हता. प्लेट. 'प्लेट लाव', 'प्लेट उलटी कर', 'ह्या प्लेटा कुणी उन्हात ठेवल्या रे?' लाखेचा माल, उन्हात ठेवला की पापडासारखा वाकतो.

धारवाडी फेडा:
माझं घर कन्नड, मराठी शेजारपाजाऱ्यांकडून शिकलेली. आमच्यात वस्तू म्हटली की नपुंसक, विषय संपला. 'प्लेट ओडीतु' म्हणायचं आणि केरसुणी आणायला जायचं. खुर्ची ती आणि टेबल ते का, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. तुमचं बेळगावी 'रेकॉर्ड फुटलं' आमच्याकडूनच गेलेलं असणार.

खानापूर लोकल:
सगळं कन्नडवर ढकलू नका की. कचेरीतलं 'ते रेकॉर्ड' लोकांच्या तोंडात आधी बसलं, वाजणारं मागाहून आलं आणि त्याच लिंगात जाऊन बसलं, असंही असेल.

शहापूरची सून:
माझं माहेर सांगली, सासर शहापूर. सासऱ्यांची एक वही आहे, त्यात त्यांनी प्रत्येक रेकॉर्डचा नंबर, गायक, दोन्ही बाजूंची गाणी आणि कुठून घेतली ते लिहून ठेवलंय. पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात 'माझ्या रेकॉर्डी'. फाईल-फायली, बँक-बँका, तशी रेकॉर्ड-रेकॉर्डी, म्हणजे स्त्रीलिंगच झालं ना? पण दोनच पानं उलटली की 'हे रेकॉर्ड एका बाजूने घासले आहे'. त्याच माणसाचं, त्याच शाईतलं. गंगूबाई हनगलांच्या सुरुवातीच्या प्लेटांवर 'गांधारी' असं नाव असायचं, तिथे तर 'गांधारीचे रेकॉर्ड, गांधारी म्हणजेच गंगूबाई' असं लिहून खाली दोन रेघा मारल्यात.

पुणेरी७८:
वही मोलाची आहे, पण वहीवरून व्याकरण ठरत नाही. आणि 'रेकॉर्डी' बोलायला ठीक. मग 'रेकॉर्डीवर धूळ बसली' म्हणाल का? बँकेत म्हणतो, फायलीत म्हणतो, पण 'रेकॉर्डवर' म्हणतो. शब्द अजून घरचा झालेला नाही, ओसरीवरच आहे.

निपाणीकर:
'रेकॉर्डीवर' मी ऐकलंय. चिकोडीच्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे. 'रेकॉर्डीवर फडकं मारा आधी, मग किंमत विचारा.'

लाखबंद:
माझा एक सिद्धांत आहे, हसू नका. जे वाजताना फिरतं ते स्त्रीलिंगी. रेकॉर्ड, प्लेट, एलपी (७८नंतरची प्लॅस्टिकची), कॅसेट, सीडी. आणि जे एका जागी बसून आवाज काढतं ते पुल्लिंगी. ग्रामोफोन, कर्णा, स्पीकर, रेडिओ.

धारवाडी फेडा:
आणि भोवरा? तो फिरतोही आणि घुंईं करून वाजतोही.

लाखबंद:
भोवऱ्याला लेबल नसतं.

मायमराठी:
हा सगळा वाद एका परक्या शब्दाला कवटाळून बसल्यामुळे आहे. 'ध्वनिमुद्रिका' लिहा. लिंग निश्चित, अनेकवचन निश्चित, सामान्यरूप निश्चित. कन्नड बंधूंनी तोच शब्द वापरला आणि आपण खाली 'रेकॉर्ड' लिहिणार? लाज वाटायला हवी. सावरकरांनी इतके शब्द दिले ते कशासाठी?

पुणेरी७८:
दूरध्वनी आणि चित्रपट त्यांचे म्हणून प्रत्येक संस्कृत जोडशब्द त्यांच्या नावावर खपवू नका. आणि ध्वनिमुद्रिकेचा अर्थ तरी निश्चित आहे का? 'अमक्यांनी पन्नास ध्वनिमुद्रिका दिल्या' असं चरित्रांत छापतात. तबकड्या पन्नास की गाणी पन्नास? ७८च्या प्लेटला दोन बाजू, बाजूला साधारण सव्वातीन मिनिटं. ख्याल असेल तर एकच चीज दोन्ही बाजूंवर, 'भाग १', 'भाग २'. मग ती एक धरायची की दोन? संग्राहकांची अर्धी भांडणं याच मोजणीवरून होतात.

लाखबंद:
मुद्रिका म्हणजे अंगठी. सुरुवातीला फोनोग्राफवर मेणाच्या नळ्या चढवायचे, हिंदीत त्यांना चूडी म्हणत. बांगडीची झाली अंगठी, आणि अंगठीची ध्वनिमुद्रिका. पटतंय का बघा.

मायमराठी:
अजिबात नाही. मुद्रा म्हणजे ठसा. मुद्रण, मुद्रणालय, मुद्रित. ध्वनीचा ठसा ती ध्वनिमुद्रिका.

शहापूरची सून:
मग 'तबकडी'चं काय? आम्ही पानाच्या तबकाला तबक म्हणतो, घड्याळाच्या तोंडाला तबकडी म्हणतो, आणि मुलं आकाशात उडती तबकडी शोधतात. मला तरी हा शब्द गोड वाटतो.

धारवाडी फेडा:
तबक आमच्या कन्नडातही आहे. आमचाच असेल.

पुणेरी७८:
तुमचाही नाही, आमचाही नाही. अरबी-फारसीतून आलाय. 'तबकडी' अस्सल जुनी आहे, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या काळापासूनची, असं एकांनी मला ठणकावून सांगितलं होतं. मोल्सवर्थची सुधारलेली आवृत्ती १८५७ची, एडिसनचा फोनोग्राफ १८७७चा, आणि बर्लिनरची चपटी डिस्क त्याच्याही दहा वर्षांनंतर. तबकडी त्या आधीची असेलही, पण तिच्यातून गाणं ऐकू यायचं नव्हतं.

खडेबाजार:
म्हणजे 'ही तबकडी तडकली आहे' लिहू का? की 'ध्वनिमुद्रिकेला तडा गेला आहे'? तसं लिंगाची भानगडच मिटते. काल तर मी ते रेकॉर्ड पूर्ण ऐकलो, टक्क टक्क सोडलं तर सुरेख आहे.

मायमराठी:
'मी रेकॉर्ड ऐकलो'? अहो, तुम्ही ऐकलात की तुम्हाला कुणी ऐकलं? 'मी ऐकलं', 'मी ऐकली'. कर्म कुठे गेलं तुमचं?

खानापूर लोकल:
आमचं कर्म असंच. मी जेवलो, मी गेलो, मी ऐकलो, मी सांगितलो. जो करतोय त्याच्याशी क्रियापद जुळवायचं, कानडीत असतंय तसं. आमची आज्जी 'ऐकून सोडलो' म्हणायची, म्हणजे पार ऐकून संपवलं. तुमच्यात एका गाण्यासाठी आधी त्याचं लिंग शोधायचं आणि मग ऐकायचं. आमी आधी ऐकून सोडतो.

निपाणीकर:
हे मात्र लाख बोललात. लाखेवरून.

पुणेरी७८:
बोलण्यात चालेल. छापताना प्रमाण भाषाच हवी.

खानापूर लोकल:
प्रमाण कुणाचं? हॉल बेळगावातला, बघायला येणारी माणसं बेळगावातली.

शहापूरची सून:
भांडू नका. सासऱ्यांच्या वहीतली क्रियापदं बघा, नामापेक्षा त्यांत जास्त मजा आहे. गायकाने रेकॉर्ड 'दिली'. कंपनीने 'काढली'. बाजारात 'निघाली'. आणि एके ठिकाणी 'प्लेट भरली'. हे भरणं कुठून आलं?

पुणेरी७८:
हिंदीतही गाणं 'भरतात'. पण ही क्रियापदं उगाच वेगळी नाहीत. १९०२मध्ये गौहर जानचं गाणं कलकत्त्यात ध्वनिमुद्रित झालं, पण प्लेट छापून आली जर्मनीत हॅनोव्हरहून. कलकत्त्याचा कारखाना १९०८चा. गाणं संपल्यावर ती इंग्रजीत आपलं नाव सांगते ते तिकडच्या कारागिरांना ओळख पटावी म्हणून. तेव्हा 'भरली' कलकत्त्यात, 'निघाली' हॅनोव्हरहून, आणि 'लावली' ज्याच्या घरी बाजा, म्हणजे ग्रामोफोन, त्याच्या घरी. ध्वनिमुद्रिका 'भरली' म्हणून बघा बरं, जत्रा भरल्यासारखं वाटतं.

मायमराठी:
ध्वनिमुद्रिका 'सिद्ध झाली' म्हणावं.

निपाणीकर:
आणि 'सिद्ध' झालेली घासली की काय म्हणायचं?

लाखबंद:
विषय निघालाच आहे तर विचारतो. माझ्याकडे एक चावीचा बाजा आहे, पिनांची डबी रिकामी झालीय. एकच पिन किती वेळा चालवावी?

निपाणीकर:
पोलादी पिन एका बाजूला एक. लाखेत दगडाची पूड मिसळलेली असते, ती पिनेला घासून खाचेच्या मापाची करते. सव्वातीन मिनिटांत पिनेचं काम तमाम. तीच पुन्हा लावलीत तर मग ती प्लेट खाते. आमच्या घरी तर 'सुई' म्हणायचे, पिन कपड्याला.

पुणेरी७८:
'टाचणी' म्हणणारेही भेटलेत मला.

मायमराठी:
सूचिका.

खानापूर लोकल:
हो, आणि दुकानदाराला सांगा, सूचिकेची डबी द्या. काय येतंय बघू हातात.

लाखबंद:
डबीत काय येईल ते येवो, माझ्याकडे विजेचा प्लेअरही आहे. त्याच्यावर ७८ लावली तर एलपीचीच पिन चालेल का?

निपाणीकर:
वाजेल, पण खरखर जास्त आणि आवाज बारीक. ७८ची खाच रुंद, तिला साधारण तीन मिलची सुई लागते, म्हणजे इंचाचे तीन हजारांश. एलपीची सुई एक मिल किंवा त्याहून बारीक, ती खाचेच्या तळाशी लोळते. आणि बाजाची पोलादी पिन एलपीवर चुकूनही टेकवू नका, एका फेऱ्यात वाट लागेल. जुन्या पिना घेताना डबी उघडून टोकं उजेडात धरून बघा. चकाकणारं टोक बोथट झालेलं असतं, वापरलेल्याच पुन्हा भरून विकतात.